डाफ्निया, पारा आणि प्राचार्यांची खुर्ची

प्रति,
महाराष्ट्रातल्या सीनियर कॉलेजांत पर्यावरणशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि यंदा प्राचार्यपदासाठी अर्ज भरणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

दरवर्षी जाहिराती निघाल्या की तुमच्यापैकी दोघा-तिघांचा फोन येतो. ‘मॅडम, रिसर्च स्कोअर भरतोय का, एकदा नजर टाकाल?’ मी टाकते. पीएचडी, 15 वर्षांची सेवा, 10 शोधनिबंध, 110 गुण. बहुतेकांचं भरतं. ज्यांचं दोन-चार गुणांनी अडतं त्यांना एखाद्या परिषदेचा पेपर मोजायचा राहिलाय का, तेही आठवून देते. पण खुर्चीत बसल्यावर त्या 10 निबंधांचं काय होतं, हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही.

मी पाच वर्षं त्या खुर्चीत होते. दुसरी टर्म मागितली नाही. लहान गावातलं अनुदानित कॉलेज, बाराशे-तेराशे मुलं, एक गळकी प्रयोगशाळा. तेवढ्या अनुभवावर तुम्हाला शहाणं करायला निघणं बरं दिसणार नाही. म्हणून दुसऱ्याच एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची माझी भेट नाही, पत्रव्यवहार नाही. ओळख आहे ती डाफ्नियामुळे.

डाफ्निया म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा तो पाण्यातला पिसू. मत्स्यालयवाले माशांना खाऊ म्हणून विकतात, आणि आपण मुलांकडून त्याची आकृती जर्नलमध्ये काढून घेतो. मी त्याच्यावर पीएचडी करत होते तेव्हा माझ्या गाइडनी बंगळूरहून एका निबंधाची फोटोकॉपी मागवून दिली. 1999 चा, ‘लिम्नॉलॉजी अँड ओशनोग्राफी’मधला. पहिलं नाव कॅरल फोल्ट. एकाच वेळी अनेक ताण पडले तर जिवाचं काय होतं, हा विषय. पाणी तापलेलं, खायला कमी, त्यात विषारी निळं-हिरवं शेवाळ. या तिन्हींपैकी एकेकाने डाफ्नियाची वाढ किती खुंटते ते मोजता येतं. तिन्ही एकदम आली की हिशेब कसा करायचा? सगळ्यांत वाईट ताण तेवढा धरायचा, की बेरीज, की गुणाकार? फोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही रीती शेजारी शेजारी मांडून तपासल्या. काही वेळा ताण एकमेकांना बळ देतात आणि काही वेळा एकमेकांना बोथट करतात. आधी ठरवून काही सांगता येत नाही, दर वेळी मोजावं लागतं.

पुढे कितीतरी वर्षांनी, कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची पीअर टीम तीन दिवसांवर आलेली, पगाराची बिलं जेडी (सहसंचालक) ऑफिसात अडकलेली, सीएचबीवरचे, म्हणजे तासाच्या हिशेबाने नेमलेले, शिक्षक मानधनासाठी स्टाफरूमबाहेर बसलेले आणि त्यातच अवकाळी पावसाने परीक्षेच्या हॉलमध्ये पाणी शिरलेलं, अशा एका दुपारी मला तो निबंध लख्ख आठवला. यातलं प्रत्येक संकट मी एकेकटं निभावून नेलेलं होतं.

तर या फोल्टबाई. जन्म 1951, ओहायोतलं एक्रन गाव, आजोळ-घर अल्बानियातून आलेल्या माणसांचं. शिक्षण सरळ रेषेतलं नाही. सँटा बार्बराच्या सिटी कॉलेजात, म्हणजे तिकडच्या दोन वर्षांच्या स्वस्त सार्वजनिक कॉलेजात सुरुवात, फीसाठी हॉटेलात वेट्रेसचं काम. मग तिथल्याच विद्यापीठात जलजीवशास्त्र, 1982 मध्ये डेव्हिसहून पीएचडी आणि 1983 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात नोकरी. हे डार्टमथ 1769 चं. वैद्यकशाखा आहे, इंजिनिअरिंग आहे, डॉक्टरेट देतात, तरी नावात अजून ‘कॉलेज’च. आपल्याकडे पत्र्याची शेड टाकून झाली की संस्थेला ‘अभिमत विद्यापीठ’ होण्याची स्वप्नं पडतात, ते असो.

डार्टमथमध्ये तेव्हा विषारी धातूंवर मोठं काम उभं राहत होतं. ते उभं केलं कॅरन वेटरहान या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी. ऑगस्ट 1996 मध्ये प्रयोग करताना त्यांच्या रबरी हातमोज्यावर डायमिथाइल पाऱ्याचे एक-दोन थेंब पडले. मोजा घातलेला होता, सगळे नियम पाळलेले होते. तो पारा मोज्यातून काही सेकंदांत आरपार जातो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. जून 1997 मध्ये त्या गेल्या, वय 48. प्रयोगशाळेच्या सुरक्षेवर बोलताना आपण ही गोष्ट मुलांना सांगतोच. फोल्ट यांचं पाऱ्यावरचं काम याच कार्यक्रमातलं.

त्यातला एक निबंध 2002 चा. या पत्राचा निम्मा जीव त्या निबंधात आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. तळ्यात मिथाइल पारा आहे. तो शेवाळात जातो, शेवाळ खाणाऱ्या डाफ्नियात जातो, डाफ्निया खाणाऱ्या माशात साठतो आणि मासा खाणाऱ्या आपल्यात येतो. आता त्याच तळ्यात खतं सोडली आणि शेवाळ मातलं तर? कुणीही म्हणेल, घाण तळं, मासा जास्त विषारी. टाक्या भरून, पाऱ्याच्या खुणेच्या समस्थानिकांनी (म्हणजे वजनावरून वेगळे ओळखता येणाऱ्या पाऱ्याच्या अणूंनी) मोजलं तर उलटं निघालं. पारा तेवढाच, पण तो वाटून घ्यायला पेशी कितीतरी पट जास्त. एकेका पेशीच्या वाट्याला कमी पारा आला, आणि डाफ्नियाच्या अंगात तो दोन ते तीन पटींनी कमी उतरला. म्हणजे तळं बाहेरून जास्त हिरवं नि गढूळ, आणि माशाचा रिपोर्ट मात्र चांगला. पारा कुठेही गेलेला नसतो.

हे वाचलं तेव्हा मला फक्त प्रयोगाची रचना आवडली होती. त्याचा दुसरा अर्थ कळायला प्राचार्य व्हावं लागलं.

डार्टमथमध्ये बाई चढत गेल्या. 2004 पासून अध्यापकांच्या डीन, 2010 मध्ये प्रोव्होस्ट, म्हणजे अध्यक्षांच्या हाताखालचा शैक्षणिक कारभाराचा प्रमुख. मधल्या काळात निबंध चालूच. 2011 मध्ये भात आणि आर्सेनिक यांवरचा जो गाजलेला निबंध आला त्यात त्यांचं नाव आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या 229 गरोदर बायकांची लघवी तपासली, आणि निघालं असं की रोज अर्धा कप शिजलेला भात खाणं हे आर्सेनिकच्या हिशेबात, लिटरला 10 मायक्रोग्रॅम या मर्यादेइतकं आर्सेनिक असलेलं पाणी रोज लिटरभर पिण्यासारखं आहे. प्रोव्होस्टच्या टेबलावर बजेटच्या फायली असताना बाईंचं नाव अशा कामावर येत होतं याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं. 2012 मध्ये डार्टमथचे अध्यक्ष जागतिक बँकेत गेले आणि फोल्ट वर्षभरासाठी हंगामी अध्यक्ष झाल्या.

ते वर्ष सुखाचं नव्हतं. फ्रॅटर्निटींमधल्या, म्हणजे मुलांच्या खासगी मंडळांमधल्या, रॅगिंगवरून कॉलेजची आधीच छी-थू झालेली. एप्रिल 2013 मध्ये नव्याने प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांसमोरच्या कार्यक्रमात काही विद्यार्थ्यांनी वर्णद्वेष आणि लैंगिक अत्याचारांबद्दल घोषणा दिल्या. मग इंटरनेटवर त्या निदर्शकांना धमक्या. 24 एप्रिलला कॉलेजने सगळे तास रद्द केले आणि दिवसभर याच विषयावर चर्चा ठेवली. आपल्याकडे तास रद्द होतात ते मंत्री येतात म्हणून. एका दिवसाने काय बदलतं, असं तिथेही पुष्कळांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. पण त्या दिवशी धमकी कुणाला आली, कुठे आली, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुलै 2013 मध्ये त्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसच्या चॅन्सेलर झाल्या. (तिथला चॅन्सेलर म्हणजे आपला कुलगुरू. राज्यपालांचा त्यात संबंध नाही.) त्या पदावरची पहिली बाई. आणि जाताक्षणी हातात आलं ते मातलेलं तळं.

1993 ते 2011 अशी 18 वर्षं तिथल्या एका विभागात कागदावरचे वर्ग चालले होते. तास नाही, प्राध्यापक नाही. सत्राअखेर एक निबंध द्यायचा, तो विभागाच्या ऑफिसातल्या सेक्रेटरीने तपासायचा, आणि मार्क सढळ हाताने. 3,100 हून जास्त विद्यार्थी त्यातून पास होऊन गेले, त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू. आधीच्या चौकशा अर्ध्यामुर्ध्या झालेल्या. फोल्ट आल्यावर 2014 मध्ये माजी सरकारी वकील केनेथ वेन्स्टाइन यांना नेमलं, त्यांनी सगळं खणलं, आणि अहवाल लोकांपुढे ठेवला. इथवर मी टाळ्या वाजवल्या. आल्या आल्या तळ्याचा नमुना घेतला आणि आकडा जाहीर केला, हेच तर आपलं शिक्षण.

पुढचं वाचून मात्र मी गप्प झाले. विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, म्हणजे त्यांच्याकडच्या नॅकने, चॅपल हिलला वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं. त्या संस्थेशी झालेल्या पत्रव्यवहारात विद्यापीठाने ‘शैक्षणिक फसवणूक’ असा शब्द वापरला होता. मग प्रकरण कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएएपुढे गेलं, तिथे बास्केटबॉल-फुटबॉलच्या संघांवर शिक्षेची टांगती तलवार. तिथे विद्यापीठाने सांगितलं की तो शब्द नजरचुकीने पडला. ऑक्टोबर 2017 मध्ये निकाल लागला: शिक्षा करता येत नाही, कारण त्या वर्गांचा फायदा फक्त खेळाडूंना नव्हता, बाकीच्या मुलांनीही घेतला होता.

कळलं ना कुठे आलो? पारा तेवढाच. पेशी वाढल्या. माशाचा रिपोर्ट चांगला. आणि हा युक्तिवाद करणाऱ्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी, हा परिणाम मोजणाऱ्या चमूतलीच एक बाई.

वकिलांनी सांगितलं असेल, विश्वस्तांनी सांगितलं असेल, कोट्यवधींचा खेळ आहे, हे सगळं मला समजतं. मी त्यांच्यावर दगड उचलू शकत नाही आणि त्याचं कारण सांगितलं नाही तर हे पत्र लबाड होईल. आपला पर्यावरण हा सक्तीचा विषय. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये आदेश दिला म्हणून आला. प्रकल्प करायचा, मार्क मिळवायचे. आमच्या कॉलेजात ‘आमच्या गावातील जलप्रदूषण’ हा एकच प्रकल्प वर्षानुवर्षं फिरत होता. नाव बदलायचं, गाव बदलायचं, झेरॉक्स. एका वर्षी खाडीकाठच्या मुलीच्या प्रकल्पात साखर कारखान्याची मळी आली. तिच्या आसपास कुठेही साखर कारखाना नाही! मी शिक्षक असताना यावर स्टाफरूममध्ये चिडले होते. प्राचार्य झाले तेव्हा अंतर्गत गुणांच्या याद्या माझ्यापुढे आल्या. सगळ्यांना 20 पैकी 17, 18, 17, 18. कुणा एकाला नापास करायचं म्हटलं तर का त्यालाच? सगळ्यांना करायचं तर निकाल किती टक्के लागला म्हणून मॅनेजमेंट विचारणार, आणि नॅकच्या फॉर्मात तो टक्का भरायचा. मी सही केली. पाच वर्षं केली. त्या याद्यांतल्या कुणाही एकाच्या अंगात मोजण्याइतका पारा नव्हता.

चॅपल हिलमधली दुसरी गोष्ट पुतळ्याची. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेतल्या सैन्यातला शिपाई, 1913 मध्ये उभा केलेला, नाव ‘सायलेंट सॅम’. उद्घाटनाच्या भाषणात एका उद्योगपतीने, आपण एका काळ्या बाईला चाबकाने कसं फोडून काढलं, हे फुशारकीने सांगितलं होतं. विद्यार्थी वर्षानुवर्षं तो हलवा म्हणत होते. 2015 च्या राज्याच्या कायद्याने असे पुतळे हलवायला बंदी घातली, आणि कायद्याने हात बांधलेत असं चॅन्सेलर सांगत राहिल्या. 20 ऑगस्ट 2018 च्या रात्री जमावाने पुतळा पाडला, पण चौथरा उभाच. पुढे विद्यापीठाने 53 लाख डॉलर खर्चून पुतळ्यासाठी वेगळी इमारत बांधण्याचा प्रस्ताव दिला. कुणालाच नको असलेली, सगळ्यांचं थोडं थोडं ऐकणारी, समितीच्या टेबलावर शिजलेली खिचडी. विद्यार्थी भडकले आणि राज्यातल्या विद्यापीठांवरच्या नियामक मंडळानेही ती फेटाळली.

मग 14 जानेवारी 2019. त्या दिवशी त्यांनी एकाच निवेदनात दोन गोष्टी जाहीर केल्या. वर्ष संपल्यावर मी पद सोडते. आणि चौथरा व पाट्या आताच हलवा. रात्रीत क्रेन आली. दुसऱ्या दिवशी मंडळाने त्यांचा राजीनामा मुदतीआधीच, 31 जानेवारीपासून मंजूर करून टाकला. म्हणजे घालवलंच. निवेदनात कारण दिलं होतं सुरक्षिततेचं: तो चौथरा आहे तोवर कॅम्पसवरच्या लोकांना धोका आहे. आणि तो धोका लपलेला नव्हता. महिनोन्महिने तिथे हाणामाऱ्या, अटका चाललेल्या लोकांनी पाहिल्या होत्या. मला विचाराल तर साऱ्या कारकिर्दीतलं हे सर्वांत शास्त्रज्ञाला शोभेसं पान. फक्त ते खुर्ची सोडताना लिहिलं गेलं. खुर्चीत असताना का लिहिता आलं नाही, हा प्रश्न मी त्यांच्यापेक्षा मला जास्त विचारते.

दोन महिन्यांत त्यांची निवड लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, यूएससीच्या, अध्यक्षपदी झाली. आपल्या पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं एमएस करायला जातात तेच. तिथेही पहिल्या महिला अध्यक्ष, आणि तिथेही साठलेला गाळ. विद्यार्थी आरोग्य केंद्रातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञावर शेकडो मुलींनी अत्याचाराचे आरोप केलेले. तो तिथे 1989 ते 2016 होता, तक्रारी फार पूर्वीपासून होत्या. त्यात भर म्हणून पैसे चारून प्रवेश घेण्याचं देशभर गाजलेलं प्रकरण फोल्ट यांची निवड जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी फुटलं. मार्च 2021 मध्ये विद्यापीठाने 710 बायकांशी 85 कोटी 20 लाख डॉलरची तडजोड केली. आधीची 21 कोटी 50 लाखांची धरली तर एक अब्ज डॉलरच्या वर. डॉक्टरने आरोप नाकारले आणि खटला उभा राहण्याआधीच तो मेला.

गाळ उपसण्यात बाई तरबेज होत्या. सुप्रजननशास्त्राचा, म्हणजे कोणत्या माणसांना मुलं व्हावीत हे निवडून वंश ‘सुधारण्याच्या’ विचाराचा, पुरस्कार करणाऱ्या एका जुन्या अध्यक्षाचं नाव एका ठळक इमारतीवरून 2020 मध्ये उतरवलं. आता तिथे जोसेफ मेडिसिन क्रो या मूलनिवासी इतिहासकाराचं नाव आहे, त्याच विद्यापीठातून 1939 मध्ये एमए झालेल्या. 80 हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना शिकवणी फी माफ केली. वेट्रेसचं काम करून शिकलेल्या बाईची खूण मला त्यात दिसते. खनिज इंधनांतली गुंतवणूक काढून घ्यायचं ठरवलं, 2025 पर्यंत कार्बनचा हिशेब शून्यावर आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं. आणि 2022 मध्ये त्याच विद्यापीठाने फुटबॉलच्या पैशांसाठी बिग टेन या मध्य-पश्चिमेकडच्या गटात जायचं ठरवलं. आता लॉस एंजेलिसची मुलं सामने खेळायला विमानाने पार न्यू जर्सीपर्यंत जातात. कार्बनचा तक्ता करणाऱ्या बिचाऱ्या कर्मचाऱ्याला हे कुठल्या रकान्यात लिहायला सांगितलं असेल?

पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. जुना गाळ उपसणं आणि आज सकाळी नळाला आलेलं पाणी तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. जुन्या गाळाचे गुन्हेगार गेलेले असतात, त्यांच्या नावाने माफी मागता येते. नळाच्या पाण्याला आपण स्वतः जबाबदार. 2021 च्या शरदात एका फ्रॅटर्निटीत मुलींना पेयातून गुंगीचं औषध दिल्याच्या तक्रारी सप्टेंबरअखेर आल्या, आणि कॅम्पसला सावध करणारी सूचना निघाली ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. उशीर झाला, हे फोल्ट यांनी मान्य केलं. ज्या विद्यापीठाने उशिराची किंमत अब्जात मोजून सहा-सात महिने झाले होते, तिथे.

आणि मग एप्रिल 2024. पदवीदान समारंभात भाषण करायला निवडलेली विद्यार्थिनी आस्ना तबस्सुम, बायोमेडिकल इंजिनिअरिंगची, दक्षिण आशियाई वंशाची मुसलमान मुलगी. तिच्या समाजमाध्यमावरच्या पॅलेस्टाइनविषयक दुव्यावरून काही गटांनी आक्षेप घेतला. 15 एप्रिलला प्रोव्होस्टनी जाहीर केलं की भाषण होणार नाही. कारण? सुरक्षितता. कसला धोका, किती, कुणाकडून, हे सांगितलं नाही. आपण विचारलं तेव्हा आपल्यालाही तपशील दिला नाही, असं तिने जाहीरपणे सांगितलं. मग बाहेरचे पाहुणेच रद्द. मग 24 तारखेला पॅलेस्टाइनच्या बाजूने हिरवळीवर तंबू ठोकलेल्यांतले 93 जण पोलिसांनी धरले. दुसऱ्या दिवशी 65 हजार माणसांचा मुख्य समारंभच रद्द. मे महिन्यात प्राध्यापकांच्या सिनेटने अध्यक्ष आणि प्रोव्होस्ट दोघांविरुद्ध निषेधाचा ठराव केला: 21 बाजूने, 7 विरुद्ध, 6 तटस्थ.

राजकारणात मी शिरत नाही. तंबूवाले बरोबर की चूक, यावर आपल्यात चार मतं असतील. मी फक्त शब्दाकडे बघते. 2013 मध्ये धमक्या डोळ्यांसमोर होत्या. 2019 मध्ये ‘सुरक्षितता’ या शब्दामागे लोकांनी पाहिलेल्या मारामाऱ्या होत्या. 2024 मध्ये तोच शब्द नुसता आला, तक्त्याशिवाय. फोल्टबाईंच्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने ‘तळ्याला धोका आहे’ एवढंच लिहून प्रबंध आणला असता तर त्यांनी तो परत पाठवला असता. नमुने कुठून घेतले, किती घेतले, चुकीची शक्यता किती, हे विचारलं असतं. त्यांचाच 1999 चा निबंध सांगतो की तीन-चार ताण एकदम आले की अंदाजाने चालत नाही, मोजावं लागतं. त्या आठवड्यात देणगीदार, पालक, वॉशिंग्टन, प्राध्यापक, मुलं असे पाच ताण तरी होते. मोजल्याची खूण दिसत नाही. सर्वांत मोठा वाटला तो एक ताण धरून हिशेब केलेला दिसतो.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली, आणि 1 जुलै 2025 ला पद सोडलं. मागे 2024 च्या आर्थिक वर्षात 15 कोटी 80 लाख डॉलरची तूट होती. ते वर्ष, ती तूट, त्यांच्या मागून आलेली काटकसर यांवर तिथले लोक अजून भांडतायत. त्यात मला पडायचं नाही.

तुमच्याकडे मला एकच मागणं आहे, आणि ते नैतिक वगैरे नाही, ऑफिसातलं आहे. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हेडक्लार्क डेड स्टॉक रजिस्टर आणून ठेवतील. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले मायक्रोस्कोप, सगळ्याला नंबर आणि किंमत. त्याच्या शेजारी एक साधी दोनशे पानी वही ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत जे जे दिसेल ते आकड्यांनी लिहा. किती प्रकल्प झेरॉक्स, किती तासांना मस्टरवर सही पण वर्गात कुणी नाही, मुलींच्या किती तक्रारी आल्या आणि कितव्या दिवशी उत्तर गेलं. ‘शिस्त’, ‘सुरक्षितता’, ‘संस्थेची प्रतिमा’ हे शब्द नोटशीटवर लिहायची वेळ आली की आधी वही उघडा आणि त्या शब्दापुढे आकडा आहे का बघा. नसेल तर तो शब्द नका लिहू. आणि महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत ती वही मोठ्याने वाचा, राजीनाम्याच्या आदल्या दिवशी नव्हे. माझी वही मी पाचव्या वर्षी सुरू केली. चौदा पानं भरली आहेत.

अर्जाची प्रत पाठवलीत तर स्कोअर मी तपासून देईनच.

आपली,
एक निवृत्त प्राचार्य, मूळची प्लवकवाली

ता. क. – भाताचा निबंध मी मागे व्हॉट्सॲपवर टाकला तेव्हा निम्म्या लोकांनी घाबरून फोन केले. ती मोजणी अमेरिकेतल्या बायकांची. आपल्या देशात आर्सेनिकचा मोठा प्रश्न बंगाल-बिहारच्या हातपंपांचा आहे. तरी मन मानत नसेल तर तांदूळ भरपूर पाण्यात शिजवा आणि वरचं पाणी ओतून टाका, आर्सेनिक कमी होतं. मी कोकणातली. ते पाणी म्हणजे पेज, आणि ती मी मीठ घालून पिते.